आई तिच्याशी बोलते

"परकी मुलगी गं ती, पण विचारते तरी."

आई मावशीशी व्हिडिओ कॉलवर बोलत होती. फोन मिठाच्या बरणीला टेकवून उभा केलेला आणि हातात मेथीची जुडी. मी ओट्याच्या अलीकडे लॅपटॉप उघडून बसले होते. सिडनीतल्या पेंडल हिलच्या आमच्या युनिटमध्ये, म्हणजे फ्लॅटमध्ये, हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यात भिंत नाही, पण मी हेडफोन घातले की मला काही ऐकू येत नाही, असं आई धरून चालते. हेडफोनमध्ये तेव्हा काहीही वाजत नव्हतं.

"कोण परकी?" मावशीने पुण्यातून विचारलं.

"अगं, हिच्याबरोबर काम करते ती. स्पॅनिशवाली. हिला गाडीने सोडायला येते बघ."

"मग आपली काय करते?"

"आपली गुणी आहे," आई म्हणाली आणि देठं एका बाजूला सारली. "तिला तरी किती त्रास द्यायचा?"

गुणी हा शब्द आमच्या घरी शेजाऱ्यांच्या मुलांसाठी वापरतात. मी स्क्रीनवरची एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिले आणि आई मेथी निवडत राहिली.

स्पॅनिशवाली आणि मी एकाच प्रोजेक्टवर काम करतो. ती माझ्याच वयाची. आई-वडील चिलीहून आलेले, ती स्वतः सिडनीत जन्मलेली. आमची युनि, म्हणजे युनिव्हर्सिटी, आणि फेअरफिल्डमधली लॅटिन अमेरिकन लोकांची एक संस्था, दोघांनी मिळून हे काम सुरू केलं आहे. चिली, एल साल्वाडोर, कोलंबिया अशा देशांतून आलेली वयस्क माणसं तिथे दर आठवड्याला जमतात. दुकानात भाव विचारण्याइतकं इंग्रजी त्यांना येतं. पण नवरा गेल्यापासून घरात पाऊल टाकवत नाही, हे डॉक्टरला सांगण्याइतकं येत नाही. म्हणून वस्तीतल्याच काही बायकांना युनिने प्रशिक्षण दिलं, त्या या माणसांना स्पॅनिशमधून बोलतं करतात, आणि युनिची सायकॉलॉजिस्ट त्यांच्या पाठीशी असते. युनिकडून पगार, प्रशिक्षण आणि चहाकॉफीचा खर्च येतो. बाकी सगळं, म्हणजे माणसं, भाषा, विश्वास आणि खायचे पदार्थ, हे वस्तीकडून येतं.

मी या दोघांच्या मधे. हॉल बुक करायचा, वेळापत्रक लावायचं, रिपोर्ट लिहायचे. मला स्पॅनिश येत नाही, त्यामुळे बैठक चालू असताना मी गरम पाण्याच्या टाकीजवळ बसते आणि कप भरते. लाजाळू माणसाला ही जागा बरी असते. सगळं दिसतं आणि कुणी काही विचारत नाही.

तिथून मी तिला बघायची. ती दारातून आली की आज्या तिचे गाल धरायच्या. "मीहा, मीहा," करायच्या, म्हणजे पोरी, माझे पोरी. एक जण तिच्या हातात करंजीसारखा एम्पानाडा कोंबायची, दुसरी तिच्या जाकिटाची चेन वर ओढायची. ती त्यांच्याशी हसत भांडायची, मग तीच पाच पावलांवर येऊन युनिच्या सायकॉलॉजिस्टला इंग्रजीतून सगळं सांगायची, आणि तिचा आवाज बदलायचा नाही. याचा मला सगळ्यात जास्त हेवा वाटायचा. तिच्याकडे दोन भाषा होत्या आणि दोन्ही भाषांत ती तीच होती. माझ्याकडे म्हणायला तीन आहेत. विचार करायला इंग्रजी, मित्रमैत्रिणींत टाइमपासला हिंदी, आणि मराठी "जेवलीस का" आणि "गॅस बंद केलास का" एवढ्यापुरती. आई महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवायची. मी मागे राहू नये म्हणून तिनेच मला इंग्लिश मीडियमला घातलं. मी मागे राहिले नाही. इतकी पुढे आले की बाबा गेल्यावर तिला इथे घेऊन आले.

त्या बैठकीची एक पद्धत आहे. सगळ्या गोल बसतात आणि "कशी आहेस" हा प्रश्न एकेकीकडे जातो. प्रत्येक जण म्हणते, छान, देवाची कृपा. याला त्या 'कोट काढायची फेरी' म्हणतात, कारण तोवर कुणाचे कोटसुद्धा उतरलेले नसतात. मग कॉफी, मग खाणं, मग तोच प्रश्न पुन्हा. खरी उत्तरं तेव्हा येतात. सुरुवातीला युनिची सायकॉलॉजिस्ट पहिल्या फेरीची उत्तरं लिहून गेली होती आणि ही सगळी मंडळी कमालीची सुखी आहेत असं तिने मीटिंगमध्ये सांगितलं होतं. त्यावरून वस्तीतल्या बायका तिला अजून चिडवतात. "डॉक्टर आली, छान म्हणा, छान म्हणा!"

मला हे सगळं पाठ होतं. रिपोर्टमध्ये मीच लिहिलं होतं. तरी आईची झोप उडाली आहे, पोळी अर्धीच खाते, दुपारभर बाल्कनीत नुसती उभी असते, हे लक्षात आलं तेव्हा मी काय केलं, तर प्रोजेक्टमधली प्रश्नावली मराठीत केली आणि एका रविवारी तिच्यासमोर बसले.

"गेल्या काही दिवसांत तुला उदासीनता जाणवली का?"

आई चष्म्यावरून बघत राहिली. "कोणाला?"

"तुला."

"नाही."

"पूर्वी आनंद देणाऱ्या गोष्टींतला रस कमी झाला आहे का?"

"अगं, तू काय जनगणनेला आलीयेस का?" ती हसायला लागली. "नाही म्हणून लिही सगळीकडे. आणि ही मराठी कुठून आणलीस? बोर्डाच्या पेपरात असते तशी."

मीही हसले. प्रत्येक ठिकाणी 'नाही' लिहिलं. मला हायसं वाटलं. खरं म्हणजे मला हायसंच वाटून घ्यायचं होतं.

त्याआधी जानेवारीत, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात, आम्ही केलीव्हिलला हळदीकुंकवाला गेलो होतो. एका ओळखीच्या बाईंनी फोन करून आग्रहाने बोलावलं होतं. "काकू, तुम्ही यायचंच हं, आपण ते जुनं काही मानत नाही." मोठं घर, एसी लावलेला, बायका ओळीने बसलेल्या, तीळगुळाच्या ताटलीशेजारी लहान मुलांसाठी चिप्स. यजमानीणबाई कुंकवाचा करंडा घेऊन एकेकीपुढे वाकत आल्या. आईपुढे आल्या, बोट कुंकवात बुडवलं, वर नेलं, आणि ते थांबलं. आई बाबांच्या मागे बारीक काळी टिकली लावते. बोट त्या टिकलीपासून वीतभर अंतरावर थांबलं, मग खाली आलं. "काकू, तीळगूळ घ्या, गोड बोला," म्हणून त्यांनी आईच्या हातात एकाऐवजी तीन लाडू ठेवले आणि ते कुंकू माझ्या कपाळाला लावलं.

परत येताना टॅक्सीत आई म्हणाली, "घर मोठं आहे नाही त्यांचं."

"हो," मी म्हटलं.

मग ऑटममध्ये आमच्या लाइनवर ट्रॅकवर्क सुरू झालं. वीकेंडला ट्रेनऐवजी बस, आणि ती बस सगळीकडून फिरत यायची. शनिवारच्या बैठकीनंतर स्पॅनिशवाली म्हणाली, "मी सोडते तुला, नो वरीज." पहिल्या शनिवारी मी खालीच थँक्यू म्हणून दार लावून घेतलं. आईने बाल्कनीतून पाहिलं होतं. वर गेल्या गेल्या सुरू झाली.

"एवढ्या लांब सोडायला आली आणि तू तिला चहाला विचारलं नाहीस? अशी कशी गं खालूनच पाठवलीस?"

"आई, इथे असं लगेच कुणी वर येत नाही."

"तू बोलावून तर बघ."

पुढच्या शनिवारी मी बोलावलं, आणि ती लगेच आली. बूट दाराबाहेर काढले. मी सांगितलं नव्हतं, तिने आमचे बघून काढले. आईने आलं घालून चहा केला, कांदापोहे केले, आणि ती दुसऱ्यांदा मागून खात होती. माझ्या आधीच्या मैत्रिणी "सो नाइस, आँटी" म्हणून निम्मे पोहे बशीत ठेवून जायच्या.

"आँटी, यू वेंट टू अ पार्टी?" तिने फ्रिजवरचा फोटो बघून विचारलं. केलीव्हिलचा. यजमानीणबाईंनी व्हॉट्सॲपवर पाठवला होता, मी प्रिंट काढला होता.

"येस. नाइस पार्टी," आई म्हणाली.

ती चहा प्यायली. पोह्यातलं खोबरं बोटाने गोळा करून खाल्लं. मग त्याच आवाजात तिने पुन्हा विचारलं, "वॉज इट नाइस?"

मला तिचा राग आला. ही फेरी काय आहे ते मला माहीत होतं. माझ्या घरात, माझ्या आईवर हे चाललंय, असं वाटलं. मी विषय बदलायला तोंड उघडणार, तेवढ्यात आईने उजवं बोट उचललं, स्वतःच्या कपाळाकडे नेलं आणि वाटेत थांबवलं.

"हियर," आई म्हणाली. "शी स्टॉप. बिकॉज हजबंड नो."

आईचं इंग्रजी तेवढंच आहे. पण ते बोट बरोबर तिथेच थांबलं होतं, वीतभर अलीकडे. स्पॅनिशवालीने सॉरी म्हटलं नाही, "ओह नो" म्हटलं नाही. फक्त खुर्ची पुढे ओढली. आई बोलत राहिली, तुटक, मधेच मराठी. बाबा हॉस्पिटलमध्ये असताना तिला घरी पाठवलं होतं आणि ती घरी गेली म्हणून, असं काहीतरी. हे मला माहीत नव्हतं. मी तिथेच बसले होते, बशा हातात घेऊन, आणि माझी आई मला माहीत नसलेली गोष्ट एका परकीला वर्तमानकाळात सांगत होती. "आय गो होम. ही गो."

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही असेल. पण आधी जे वाटलं ते वेगळं होतं. कुंकू माझ्या कपाळाला लागलं होतं. तिथे मी होते. ही नव्हती.

त्यानंतर शनिवार ठरूनच गेला. ट्रॅकवर्क संपलं तरी ती सोडायला येत राहिली. आई शुक्रवारीच विचारायची, "उद्या येणार ना ती? थालीपीठ लावू की आप्पे?" शनिवारी सकाळी केस धुवायची. माझ्यासाठी कुणी शुक्रवारपासून ठरवत नाही, मी रोजचीच. एकदा तर तिने हॉलमधून "आई!" अशी हाक मारली, माझं ऐकून शिकलेली, ई जरा लांबवून, आणि आईने आतून "ओ" दिली. मी तेव्हा बाथरूममध्ये होते. नळ सोडून उभी राहिले.

इंग्रजीत आईला लाज वाटत नाही, हे मला हळूहळू दिसायला लागलं. मराठीत ती बाई असते, ज्यांना सगळे विचारून लिहायचे त्या बाई. इंग्रजीत ती पहिल्या बाकावरची विद्यार्थिनी, चुकली तरी चालतं. आणि माझ्यासमोर ती आई असते. माझ्यासमोर तिने ठीकच असायला हवं. हे सगळं मला कळत होतं. त्याने जळणं कमी झालं नाही.

त्या मेथीच्या दिवसानंतरच्या शनिवारी, म्हणजे परकी मुलगी विचारते तरी हे ऐकल्यानंतर, मी गाडीत बोललेच नाही. पेंडल हिल स्टेशनजवळच्या दुकानांसमोर तिने गाडी बाजूला घेतली.

"तुझी आई बरी नाहीये," ती म्हणाली. "तुला माहितीये ना?"

"माझ्या आईला मी ओळखते."

"ओळखतेसच. पण ऐक. ती मला सांगते ते तिच्या इंग्रजीत जेवढं मावतं तेवढंच. त्याच्या कितीतरी पट बाहेर राहतं. मी त्याला पुरी पडत नाही. आणि मी तिची काउन्सेलर नाही, तिचे पोहे खाणारी आहे." मग तिने फोन काढला. "कॅनबेरात, गुंगालिनला, एक सायकॉलॉजिस्ट आहे. मराठी बोलते. व्हिडिओवर भेटते. मी युनित दोन-चार जणांना विचारलं, तेव्हा मिळाली. आधी तुला विचारते आहे."

दुकानाबाहेर एक माणूस कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाणी मारत होता. मी त्याच्याकडे बघत राहिले.

"तू शोधलं नव्हतंस?" तिने विचारलं. टोमणा नव्हता तो. तिला खरंच नवल वाटलं होतं, कारण माझं कामच ते.

मी शोधलं नव्हतं. फेअरफिल्डच्या आज्यांसाठी स्पॅनिश बोलणारी बाई हवी, हे मी किती मीटिंगांत मांडलं होतं. घरच्या माणसाला दुभाष्या करायचं नाही, हा नियम मीच स्लाइडवर टाकला होता. पण आईसाठी मराठी बोलणारं माणूस म्हणजे मी, असं मी धरून चालले होते. ती जागा भरलेली आहे असं मला वाटत होतं.

"मी सांगते तिला," एवढंच म्हणून मी उतरले.

आईला सांगितलं तेव्हा ती आधी नको म्हणाली. मला काय वेड लागलंय, म्हणाली. मी म्हटलं, स्पॅनिशवालीने शोधून दिलीय.

"तिने?" आईने हातातलं फडकं ठेवलं. "बघ बाई. एवढं कोण करतं? मग एकदा बोलून बघते. तिला वाईट नको वाटायला."

मला वाईट वाटेल म्हणून आईने काय काय केलं असेल, ते मला कधी कळायचंच नाही.

वेळ शनिवारी दुपारची मिळाली, त्यामुळे त्या आठवड्यात स्पॅनिशवाली येणार नव्हती. थंडी होती, हीटर लावला होता. आई सकाळपासून अस्वस्थ.

"साडी नेसू का?"

"आई, व्हिडिओ कॉल आहे."

"म्हणूनच विचारते."

शेवटी तिने ड्रेसच घातला, पण इस्त्रीचा. जेवणाच्या टेबलावर मी लॅपटॉप मांडला. तिने मागे वळून पाहिलं, कपडे वाळत घातलेला स्टँड उचलून माझ्या खोलीत नेऊन ठेवला, परत येऊन बसली, शेजारची खुर्ची माझ्यासाठी ओढली. "तू इथेच बस. मला ते बटण-बिटण कळत नाही."

स्क्रीनवर एक बाई आल्या, आईपेक्षा लहान, माझ्यापेक्षा मोठ्या. मागे पुस्तकांचं कपाट आणि खिडकीत कॅनबेराचं फिकट ऊन.

"नमस्कार काकू. आवाज येतोय ना माझा? तिकडे थंडी आहे का? इकडे तर सकाळी काचेवर बर्फ होता."

"इकडे एवढी नाही," आई म्हणाली. तिचे खांदे जरासे खाली आले. किती दिवसांनी तिने एका अनोळखी माणसाशी मराठीत बोलायला सुरुवात केली होती, आणि तिकडून मराठीच परत आली होती. न अडखळता.

"काकू, एक आधी विचारते. शेजारी मुलगी आहे ना तुमची? ती इथे बसलेली तुम्हाला हवी आहे, की आपण दोघीच बोलायचं? कसंही चालेल. तुम्ही सांगाल तसं."

आईने माझ्याकडे पाहिलं. "राहू दे की तिला. तिला या सगळ्यातलं कळतं. ती हेच काम करते युनित. हुशार आहे हो ती."

मला काय वाटलं ते लिहायलाही संकोच होतो. मला आनंद झाला. तिने मला ठेवून घेतलं होतं. स्पॅनिशवालीला खुर्ची पुढे ओढावी लागली होती, माझी खुर्ची आईनेच ओढली होती. आता ती जे सांगेल ते मी ऐकणार होते, तुटक इंग्रजीत नाही, पूर्ण, तिच्या मराठीत. हॉस्पिटलमधून घरी गेली त्या रात्रीचंसुद्धा. मी पाय वर घेऊन नीट बसले.

"बरं," त्या बाई म्हणाल्या. "मग काकू, कशा आहात?"

आईने पुन्हा माझ्याकडे पाहिलं, झटकन, जसं वर्गात कुणी तपासायला आलं की बाई पाहायच्या तसं. मग स्क्रीनकडे वळून हसली.

"मी छान आहे हो. मला काय धाड भरलीय? लेक काळजी घेते. सगळं आहे."

त्या बाई थांबल्या. पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. आई टेबलावरच्या मॅटची कड बोटाने दाबत राहिली, सोडली की वर यायची, पुन्हा दाबायची. मी बसून राहिले तर ती हे तासभर करेल, हे मला दिसत होतं. छान, छान, लेक गुणी आहे. आणि तिचं सगळं मला मिळावं म्हणून मी तिथे बसले होते, म्हणजे ते कुणालाच मिळणार नव्हतं.

उठताना माझ्या खुर्चीचा आवाज झाला. दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी दाराजवळचं जाकीट काढलं, चावी घेतली. माझा आवाज हवा तसा लागत नव्हता, मराठीत तो असाही कमीच लागतो.

"आई, मी खाली बागेत जाऊन बसते. तू बोल. बाबांचं सांग. आणि माझ्याबद्दल काही सांगायचं असेल तर तेही सांग, वाईट असलं तरी. मी नंतर विचारणार नाही."